वृद्ध तेलविहीर आणि विहिरीची मराठी

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या ‘मुंबई हाय’ या क्षेत्रात १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने तेल शोधून काढले आणि १९७६ साली उत्पादनास आरंभ झाला. तेथील पुष्कळ विहिरी आता वृद्ध झाल्या आहेत. त्यांतील अनेकींची मुखे समुद्रातील लहान, निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आहेत. या विहिरींची निगा कशी राखतात, हे मराठीत सांगावयाचे तर शब्द कोठून आणावयाचे? संस्कृत धातूंवरून परिभाषा घडविण्यापूर्वी सातारा-सांगलीकडील शेतकऱ्याची भाषा तपासून पाहणे इष्ट होय.

साताऱ्याजवळील लिंब येथे अठराव्या शतकात बांधलेली बारा मोटांची विहीर आजही उभी आहे. मोट गेली, तिच्याबरोबर नाडा, धाव, थारोळे हे शब्दही व्यवहारातून गेले. परंतु विहिरीच्या निगेची भाषा मात्र टिकली. इतकेच नव्हे, तर बोअरच्या प्रसाराने ती वाढली. गाळ काढणे, झरे मोकळे करणे, आडवे बोअर मारणे, केसिंग, कॉम्प्रेसर हे शब्द माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत सर्वांच्या तोंडी आहेत.

तेलविहिरीवरील कामे याच शब्दांनी बव्हंशी सांगता येतात. खडकातील दाब उतरला की तेल आपोआप वर येत नाही. मग विहिरीतील नळीत वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करतात. बोअरमध्ये कॉम्प्रेसरने हवा सोडून पाणी उचलण्याचे तत्त्व हेच. नळीत क्षार, मेण वा वाळू साचल्यास तारेने अवजार उतरवून किंवा रिळावरील लांब, लवचीक नळी आत सोडून ती साफ करतात. हे गाळ काढणे. मुंबई हायचा मुख्य तेलधारी खडक चुनखडीचा. त्याची छिद्रे आम्लाने खुली करतात. हे झरे मोकळे करणे. जुन्या विहिरीतून बाजूस नवी शाखा खोदणे म्हणजे आडवे बोअरच. आतील नळीच गंजली तर मात्र ती सबंध उपसून काढावी लागते. ते ओझे लहान प्लॅटफॉर्मला पेलत नाही. म्हणून समुद्रतळावर पाय रोवणारी रिग शेजारी आणून उभी करतात. असे काम पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात दुष्कर होते.

तथापि एका ठिकाणी हे साम्य संपते, आणि तेच ठिकाण धोक्याचे आहे. पाण्याच्या विहिरीत पडण्याचे भय असते; तेलविहिरीतून उसळून येण्याचे. २००५ साली मुंबई हाय उत्तर येथे एक जहाज प्लॅटफॉर्मवर आदळले, तेल-वायूच्या नळ्या फुटल्या आणि लागलेल्या आगीत २२ माणसे प्राणास मुकली. कोंडलेला दाब मोकळा झाला की काय होते, हे त्यावरून दिसते. शेतकऱ्याच्या भाषेत विहीर ‘बंद’ असली म्हणजे विषय संपतो. तेलविहिरीच्या बाबतीत ‘बंद’ या एकाच शब्दात तीन भिन्न अवस्था दडतात. झडप लावलेली विहीर आतून पूर्ववत दाबाखाली असते. जड द्रव भरून जिचा दाब तोलून धरला आहे, ती विहीर तो द्रव जागेवर आहे तोवरच शांत राहते. ठरावीक खोलींवर सिमेंटचे बूच बसविलेली विहीर तेवढी कायमची संपलेली असते.

या तीन अवस्थांना अनुक्रमे मिटलेली, दाबलेली आणि बुजवलेली असे म्हणता येईल. तिन्ही शब्द घरचेच आहेत. केवळ ‘बुजवलेली’ म्हणताना दगडमातीऐवजी सिमेंट अभिप्रेत आहे, एवढे स्पष्ट केले पाहिजे. परिभाषेची कसोटी शब्द किती भारदस्त आहे ही नसून तो किती भेद राखतो ही होय. येथे तर त्या भेदावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.