माशांच्या टाकीत घोयरा जगत नाही

‘घोयरा सापडलाय. घरात माशांची जुनी टाकी रिकामी आहे. तिच्यात थोडी माती आणि एक फांदी घालून ठेवला तर चालेल ना?’ पावसाळा सरत आला की महाड-पोलादपूरकडे हा प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारा माणूस बहुतेक वेळा भला असतो. गाडीखाली जाईल म्हणून त्याने तो जीव उचललेला असतो. तरीही या एका प्रश्नात दोन चुका आहेत, आणि दोन्ही त्या प्राण्याच्या जिवावर बेततात.

पहिलीचा निकाल लवकर लागतो. आपल्याकडचा घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी आहे. त्या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. जिवंत पकडणं हीसुद्धा शिकारच. ‘आम्ही मारत नाही, पाळतो’ हे उत्तर तिथे चालत नाही. टाकी असो, पिंजरा असो की हौसेने बांधलेलं काचघर, आपला घोयरा घरात ठेवता येत नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी दुसरी गोष्ट उरतेच. एरवी झाडावरून न उतरणारा हा प्राणी त्या दिवसांत जमिनीवर दिसतो, तेव्हा ती बऱ्याचदा अंड्यांवर आलेली मादी असते. मऊ माती शोधून, पायांनी खड्डा उकरून, त्यात अंडी घालून ती खड्डा पुन्हा बुजवते. त्या शोधात रस्ता ओलांडताना ती आपल्या हाती लागते आणि आपण तिला दोन इंच मातीच्या टाकीत कोंडतो. जागा पसंत नसेल तर मादी अंडी रोखून धरते, अंडी आत अडकतात आणि मादी मरते. मग ‘काही खाल्लंच नाही हो तिने’ असं आपण हळहळत सांगतो.

म्हणून महामार्गावर किंवा आंबेनळी घाटाच्या वाटेवर घोयरा दिसला तर गाड्या बघून त्याच्यापुढे एक लांब काटकी धरा. तो स्वतःच काटकी पकडून चढतो. तो ज्या बाजूला निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर त्याला सोडा. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात फडकं घालून त्याला अंधारात शांत ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तोवर तोंड उघडून पाणी पाजायचं नाही, किडे भरवायचे नाहीत.

आता टाकी. हा गैरसमज परदेशी शॅमेलिऑन रीतसर विकत घेणाऱ्यांतही तितकाच पक्का आहे. येमेन आणि सौदी अरेबियाकडचा व्हेल्ड किंवा मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन आणतात आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यालाही काचेच्या पेटीत ठेवतात. पेटी सुंदर दिसते, चारही बाजूंनी प्राणी नीट दिसतो. माणसाच्या सोयीचं सगळं असतं. प्राण्याचं काय होतं ते बघू.

माशांची टाकी फक्त वरून उघडी असते. ती पाणी धरून ठेवण्यासाठी बनवलेली आहे, तशीच ती दमट हवाही धरून ठेवते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते. त्या हवेत तळाशी ओली माती असलेली बंद पेटी म्हणजे श्वसनाच्या संसर्गाला आमंत्रण. प्राणी तोंड उघडं टाकून मान वर करून बसतो, श्वासाबरोबर बारीक आवाज येतो, तोंडात चिकट लाळ दिसते. ‘जांभया देतोय’ म्हणून लोक त्याचे व्हिडिओ काढतात. तो श्वासासाठी धडपडत असतो.

इथे कुणीतरी जर्मनीतला व्हिडिओ दाखवतोच, ‘त्यांनी तर काचेतच ठेवलाय.’ बरोबर आहे. पण ती टाकी नसते. त्या पेटीला समोर खालच्या बाजूला हवेची पट्टी असते आणि वर पूर्ण जाळी. गरम हवा वरून निघते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. शिवाय तिथली खोली थंड आणि कोरडी असते, ओलावा टिकवणं हीच त्यांची अडचण. आपली अडचण नेमकी उलटी आहे. सावित्रीकाठच्या पावसाळ्यात युरोपातलं गणित जसंच्या तसं लावू नका, हे किती वेळा सांगायचं?

मग टाकी खिडकीपाशी नेली जाते, ऊन मिळावं म्हणून. ऊन दिसतं खरं, पण साध्या काचेतून यूव्हीबी, म्हणजे अतिनील-बी किरण जवळपास जातच नाहीत. शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार व्हायला लागतात ते हेच किरण, आणि ड-३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही. लहान मुलांना होतो तसा मुडदूस होतो: जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, फांदीवरची पकड सुटते. शॅमेलिऑनला या उन्हाचं महत्त्व किती, हे कार्स्टन, फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं. आहारातून ड-३ कमी मिळालेले प्राणी आपणहून अतिनील किरणांत जास्त वेळ बसत होते, भरपूर मिळालेले कमी. स्वतःची गरज ओळखून उन्हात ये-जा करणाऱ्या जीवाला आपण काचेमागे बसवतो. त्यात महाडचा एप्रिल. उन्हातली बंद काचपेटी थोड्याच वेळात भट्टी होते आणि आत सावलीला सरकायला जागा नसते.

राहिलं प्रतिबिंब. शॅमेलिऑन एकलकोंडा असतो. काचेत त्याला दुसरा शॅमेलिऑन दिसतो आणि तो समोरून हलत नाही. नर अंग चपटं करून मोठा दिसायचा प्रयत्न करतो, फुसकारतो, काळपट पडतो. नेमकं हेच पाहून घरातली मंडळी खूश होतात, ‘बघा कसा रंग बदलतोय!’

मागे लाल-निळं कापड लावायची खोडही इथूनच येते. तो मागच्या वस्तूचा रंग घेत नाही. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये दाखवलं की पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर वाढलं-घटलं की परावर्तित होणारा रंग बदलतो. हे घडतं राग, भीती, जोडीदार, ऊन-थंडी यांमुळे. स्टुअर्ट-फॉक्स आणि मुसाली यांनी २००८ मध्ये आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनांचा अभ्यास केला. रंग बदलण्याची क्षमता तिथे वाढत गेली ती लपण्यासाठी नव्हे, एकमेकांना इशारे देण्यासाठी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणून पिंजऱ्यातला सतत काळपट प्राणी ही करमणूक नाही, तक्रार आहे.

मग बांधायचं काय? ज्याच्याकडे परदेशी शॅमेलिऑन कागदपत्रांसह आहे, त्याने गावातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या कारागिराकडे जावं. मोठ्या प्राण्याला किमान दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि चार फूट उंच सांगाडा लागतो. उंचीत काटकसर करू नये, कारण तो वर चढून सुरक्षित होतो. पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावा, म्हणजे वरची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर येते. वरून वाकून बघणारा त्याला शिकारी वाटतो. बाजूंना आणि वर लेप दिलेली धातूची जाळी लावावी. डासांची नायलॉन जाळी त्याला खायला सोडलेले रातकिडे कुरतडतात आणि तिच्यात त्याची नखं अडकतात. साधी लोखंडी जाळी कोकणात एका पावसाळ्यात गंजते. तळाला भोक असलेला उतरता ट्रे आणि खाली बादली. मातीचा थर नको.

आत कुंडीतली जास्वंद आणि मनीप्लांट चांगले. व्हेल्ड तर जास्वंदीची पानंही खातो. कण्हेर आणि रुई घरचीच आहेत म्हणून चुकूनही ठेवू नयेत, दोन्ही विषारी. फांद्या बोटाएवढ्या जाडीच्या, थोड्या आडव्या, थोड्या तिरक्या. त्याच्या पायाची बोटं दोन-तीनच्या जुडग्यांत जुळलेली असतात आणि ती फांदीला चिमट्यासारखी धरतात. जाड गुळगुळीत दांड्यावर त्यांना पकड मिळत नाही.

पाणी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. वाटी भरून ठेवली तरी तो बहुधा तिच्याकडे बघतही नाही. पानांवर फवारा मारा आणि थांबून बघा. आधी एक डोळा थेंबाकडे वळतो, दुसरा अजून आपल्यावर असतो. मग थेंब पानाच्या टोकाला हलतो, दोन्ही डोळे पुढे येतात, तोंड किंचित उघडतं आणि तो सावकाश पानं चाटू लागतो. यात कधी पाच-दहा मिनिटं जातात. घाईत दोन फवारे मारून निघून जाणाऱ्याचा प्राणी तहानलेला राहतो. पावसाळ्यात मात्र दोन फवाऱ्यांमध्ये पानं कोरडी झाली पाहिजेत. होत नसतील तर खोलीत पंखा लावा, झोत थेट पिंजऱ्यावर नको.

दिवसा बारा तास यूव्हीबी ट्यूब हवी. बाहेरून चांगली पेटलेली दिसली तरी काही महिन्यांनी तिचे किरण क्षीण होतात, म्हणून मुदतीनुसार बदलावी. उबेचा बल्ब हिवाळ्यात आणि पावसाळी गारठ्यात सकाळी. व्हेल्डला ऊब घेण्याच्या जागी तीस अंशांच्या आसपास तापमान पुरतं; आपल्या उन्हाळ्यात खोलीच त्याच्या वर जाते. तेव्हा बल्ब बंद, आणि पिंजरा घरातल्या सर्वांत गार खोलीत. पत्र्याखालच्या माळ्यावर तर नाहीच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. घोयरा विषारी नाही. त्याच्या चावण्याने, थुंकीने किंवा नजरेने कुणी मरत नाही, या भीतीने मात्र घोयरे मारले जातात. कुंपणावर मान हलवणारा लाल डोक्याचा सरडा वेगळा, तो शॅमेलिऑन नाही. रात्री लाल बल्ब लागत नाही. पूर्ण अंधार लागतो. ‘एकटा कंटाळेल’ म्हणून दुसरा आणू नका, दोघेही आजारी पडतील. हातावर शांत बसतो तो माणसाळला म्हणून नव्हे, बहुतेकदा घाबरून. व्हेल्डची एकटी मादीही नराशिवाय अंडी धरते, म्हणून तिच्यासाठी फूटभर खोल ओलसर वाळू-मातीची बादली हवीच.

आणि ‘परदेशी आहे, त्याला कायदा नाही’ हाही गैरसमज. व्हेल्ड आणि पँथर दोन्ही ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२४ मध्ये केंद्राने काढलेल्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. नंतर पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं. दुकानदार पावतीशिवाय देत असेल तर घेऊ नये. सांभाळणं झेपेनासं झालं तर नोंद बदलून जाणत्या माणसाकडे द्यावा. घाटात नेऊन सोडू नये: तो तिथे उपाशी मरेल, किंवा त्याच्या अंगावरचे रोग आपल्या घोयऱ्यापर्यंत पोहोचतील.