अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च

वैनगंगा नदीवरील गोसीखुर्द प्रकल्पास १९८३ साली मान्यता मिळाली, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. पुढे सुधारित अंदाज १८,००० कोटींच्या वर गेला. भाववाढ, भूसंपादनाचा वाढता मोबदला, लांबलेले काम ही त्याची कारणे सांगितली जातात व ती खोटी नाहीत. तथापि भाव चढतात आणि जमिनीचा मोबदला द्यावा लागतो, हे मूळ अंदाज करतानाही अज्ञात नव्हते. म्हणून खर्च का वाढला, याबरोबरच पहिला आकडा इतका लहान का होता, हेही विचारले पाहिजे.

अंदाजातील चुका केवळ अज्ञानातून उद्भवत असत्या, तर त्या दोन्ही बाजूंस पडल्या असत्या. काही प्रकल्प महाग ठरले असते, तर काही स्वस्त. वस्तुस्थिती तशी नाही. बेंट फ्लिव्हबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली निरनिराळ्या देशांतील २५८ वाहतूक-प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत दहापैकी नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजाहून अधिक झाल्याचे आढळले. भाववाढ वगळूनही ही वाढ रेल्वेमार्गांत सरासरी ४५, पूल व बोगद्यांत ३४ आणि रस्त्यांत २० टक्के होती. सत्तर वर्षांच्या अनुभवानेही अंदाज सुधारले नव्हते.

या एकांगी चुकीची कारणे दोन. पहिले मानसिक होय. योजक आपल्या योजनेतील टप्पे मोजतो, पण तत्सम योजनांत पूर्वी काय घडले ते पाहत नाही. कानेमान व ट्‌वर्स्की यांनी १९७९ साली हा दोष दाखविला. दुसरे संस्थात्मक होय. मर्यादित निधीसाठी अनेक प्रकल्पांत स्पर्धा असता, लहान आकडा मांडणाऱ्यास मंजुरी मिळण्याचा संभव अधिक. आणि पाया घातल्यावर काम सोडणे कोणासही परवडत नाही.

यावर उपाय म्हणजे पूर्वीच्या तत्सम प्रकल्पांत झालेल्या वाढीच्या प्रमाणात नवा अंदाज आरंभीच वाढविणे. ब्रिटिश अर्थखात्याने २००३ साली असा दंडक स्वीकारला. अशाने काही योजना नामंजूर होतील, हे खरे. परंतु खोट्या स्वस्ताईवर मंजूर झालेले धरण इतर धरणांचा निधी ओढून घेते, आणि अर्धवट कालव्यांच्या टोकाशी असलेला शेतकरी पाण्याची वाट पाहत राहतो. अंदाजातील चुकीची खरी किंमत तोच भरतो.