पैसा आधी कुणाच्या खात्यात पडतो?

अमेरिकेतल्या जॅक कॉन्टे या संगीतकाराने एका गाण्याच्या व्हिडिओसाठी ‘स्टार वॉर्स’मधल्या ‘मिलेनियम फाल्कन’ यानाचं कॉकपिट स्वतःच्या हाताने बांधलं. त्यासाठी तो तीन महिने खपला आणि सुमारे दहा हजार डॉलर त्यात ओतले. व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला, तरी जाहिरातींतून हाती येणार ते काही शे डॉलर, हे त्याला आधीच ठाऊक होतं. मग 2013 साली त्याने आणि सॅम यॅम या त्याच्या कॉलेजमधल्या मित्राने ‘पेट्रिऑन’ सुरू केलं. कल्पना अगदी साधी होती: ज्यांना माझं काम आवडतं त्यांनी मला नियमितपणे थोडीथोडी वर्गणी द्यावी.

‘वर्गणीदार’ हा शब्द आपल्याकडे मासिकांनी रुजवला. पण इंटरनेटवर या जुन्या शब्दातून जे उगवलंय, ते पाहून थक्क व्हायला होतं. केव्हिन केली या लेखकाने 2008 मध्ये एक हिशेब मांडला होता. वर्षाला शंभर डॉलर खर्च करणारे फक्त एक हजार निष्ठावान चाहते मिळाले, तर कलावंताकडे एक लाख डॉलर जमा होतात. त्याला जगाने ओळखण्याची गरज नाही, एका मोठ्या कॉलेजात मावतील एवढी माणसं पुरे! आज या गणितावर किती संसार चालतात पाहा. प्रौढांसाठीच्या मजकुराबद्दल ओळखलं जाणारं ‘ओन्लीफॅन्स’ लंडनमध्ये 2016 साली सुरू झालं. 2023 च्या आर्थिक वर्षात तिथे चाहत्यांनी 660 कोटी डॉलर मोजले आणि क्रिएटरांची खाती 41 लाखांवर गेली.

एवढा पैसा वाहायला लागला की काठावर मध्यस्थ उभे राहतातच, आणि त्यांची गरजही खरी असते. वर्गणीवर जगणारा क्रिएटर एकटाच दहा जणांचं काम करतो: चित्रीकरण, संपादन, दर ठरवणं, संदेशांना उत्तरं देणं, चोरून फिरवलेल्या प्रती हटवायला नोटिसा पाठवणं, कराचे कागद सांभाळणं. यातलं निम्मं ओझं एखादी चांगली एजन्सी उचलत असेल, तर तिचं कमिशन ही तिच्या कष्टाची कमाई आहे. पण एजन्सी चांगली आहे हे ओळखायचं कसं?

चाहत्याने दिलेल्या दहा डॉलरच्या मागे आपण चालत जाऊ.

ओन्लीफॅन्स त्यातले 20 टक्के, म्हणजे दोन डॉलर, कापून घेतं. उरले आठ. समजा एजन्सीचं कमिशन 40 टक्के आहे. ते उरलेल्या आठांवर लावलं, तर एजन्सीला 3 डॉलर 20 सेंट आणि क्रिएटरला 4 डॉलर 80 सेंट मिळतात. तेच 40 टक्के मूळच्या दहांवर लावले, तर एजन्सीला चार आणि क्रिएटरलाही चारच. टक्केवारी तीच आहे, फक्त करारात ‘निव्वळ’च्या जागी ‘एकूण’ हा शब्द आला. महिन्याला दहा डॉलर देणारे एक हजार वर्गणीदार असतील, तर हा एक शब्द महिन्याला 800 आणि वर्षाला 9,600 डॉलर इकडचे तिकडे करतो. करार वाचताना मी नेहमी आधी हा शब्द शोधतो. तो सापडला नाही, तर करार अपुरा आहे असंच समजावं.

पण त्याहूनही मोलाचा प्रश्न पुढचा आहे: हे आठ डॉलर आधी कुणाच्या खात्यात पडतात? क्रिएटरच्या खात्यात येऊन तिथून एजन्सीला कमिशन जातं, की एजन्सीच्या खात्यात पडून तिथून क्रिएटरला ‘त्याचा हिस्सा’ मिळतो? कागदावर दोन्ही वाटांची बेरीज सारखीच दिसते. संकट आलं की मात्र या दोन वाटा कुठल्या कुठे जातात, ते 2018 साली जगाने पाहिलं.

त्या काळात यूट्यूबवर ‘नेटवर्क’ नावाच्या मध्यस्थ कंपन्या जोरात होत्या. अनेक चॅनेलांच्या जाहिरातींचा पैसा आधी नेटवर्ककडे येई आणि ते आपला वाटा ठेवून बाकीचा पुढे पाठवत. ‘डेफी मीडिया’ ही त्यातली नावाजलेली कंपनी. ‘स्मॉश’सारखं लोकप्रिय चॅनेल तिच्या मालकीचं होतं. नोव्हेंबर 2018 मध्ये ती अचानक बंद पडली. ‘द गेम थिअरिस्ट्स’ या चॅनेलचे मॅथ्यू पॅट्रिक यांनी जाहीरपणे सांगितलं, की सुमारे 50 क्रिएटरांचे मिळून 17 लाख डॉलर अडकले आहेत. व्हिडिओ त्यांचे, प्रेक्षक त्यांचे, मेहनत त्यांची. पण पैसा दुसऱ्याच्या खात्यात होता, आणि कंपनी बुडाली तेव्हा तिचे सावकार दारात आधीच उभे होते. डेफीच्या माणसांच्या मनात सुरुवातीपासून खोट होती असं मानायचंही कारण नाही. पैशाची वाट उलटी असली, तर सज्जन माणसाच्या हातूनही तुमचं नुकसान होऊ शकतं. ही गोष्ट मला सगळ्यात थरारक वाटते. विश्वासाचा मोठा भाग माणसाच्या चेहऱ्यावर नसतोच, तो पैशाच्या वाटेवर असतो.

पैशाची वाट ही चांगल्या एजन्सीची पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे बाहेर पडायची वाट. 2013 च्या सुरुवातीला ‘मशिनिमा’ या नेटवर्कच्या एका तरुण गेमरची कहाणी गाजली. त्याने केलेल्या करारात मुदतीच्या जागी ‘कायमस्वरूपी’ अशा अर्थाचा शब्द होता. सही करताना त्याचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. सुटता येत नाही म्हटल्यावर त्याने चाहत्यांचा निरोपच घेतला. पुढे काय झालं ते ऐका. जानेवारी 2019 मध्ये मशिनिमाच्या मुख्य चॅनेलवरचे हजारो जुने व्हिडिओ एका रात्रीत लोकांना दिसेनासे झाले आणि काही दिवसांतच कंपनीचं काम थांबलं. ‘कायमस्वरूपी’ लिहून घेणारी कंपनीच कायम राहिली नाही! म्हणून मुदत ठरावीक हवी, महिनाभराची सूचना देऊन मोकळं होता आलं पाहिजे, आणि करार संपल्यावर कमिशन किती काळ चालू राहणार हे आकड्यात लिहिलेलं हवं. जुने व्हिडिओ आणि वर्गणीदारांची यादी क्रिएटरकडेच राहील, हेही लेखी असावं.

तिसरी खूण किल्ल्यांची. काही एजन्सी पहिल्याच दिवशी पासवर्ड मागतात आणि खात्याचा ईमेल, फोन क्रमांक बदलून आपला घालतात. त्या क्षणी घर तुमचं आणि कुलूप त्यांचं होतं. काम करायला त्यांना प्रवेश लागतो हे मान्य, पण खात्याचा ईमेल, दुहेरी पडताळणीचा फोन आणि बँकेचा तपशील या तीन किल्ल्या क्रिएटरच्याच कमरेला हव्यात. एजंट नेमला तरी खात्यावर जे घडेल त्याची जबाबदारी क्रिएटरचीच, असं ओन्लीफॅन्सच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे किल्ली दुसऱ्याला दिली, तरी जाब तुम्हालाच विचारला जाणार.

ही जबाबदारी किती दूर पोचते ते ‘चॅटर’ मंडळींच्या कामावरून कळतं. चाहता रात्री संदेश पाठवतो, त्याला उत्तर येतं, त्याला वाटतं आपण त्याच व्यक्तीशी बोलतोय. पुष्कळदा उत्तर लिहिणारा पगारी माणूस वेगळ्याच देशात पाळीवर बसलेला असतो. 2024 मध्ये कॅलिफोर्नियात काही ग्राहकांनी ही फसवणूक आहे असा दावा न्यायालयात दाखल केला. म्हणून एजन्सीला सरळ विचारा: माझ्या नावाने कोण बोलणार, काय बोलणार, आणि कोणत्या गोष्टी कधीच बोलणार नाही? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जाऊ नका. चाहत्यांचा विश्वास हेच तुमचं भांडवल आहे, आणि ते एकदा गेलं की कुठल्याही कमिशनमध्ये भरून येत नाही.

कामाच्या आधी पैसे मागणाऱ्यांपासूनही लांब राहा. काम मिळवून देतो म्हणून कलावंताकडून आगाऊ फी घेण्यावर कॅलिफोर्नियाच्या कायद्याने 2010 पासून बंदी आहे. उलट बाजूने, सहीच्या दिवशी घसघशीत ‘उचल’ देणारी एजन्सीही तपासून घ्या. उचल फेडून होईपर्यंत माणूस बांधला जातो, हे ऊसतोड कामगारांच्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा जुनाच प्रकार आहे.

बाजार समितीत माल पाठवणारा शेतकरी अडत्याकडून हिशेबपट्टी घेतो. वजन किती, भाव किती, हमाली-तोलाई किती, हातात किती, हे सगळं त्या एका कागदावर असतं. एजन्सीकडूनही दर महिन्याला असाच कागद मागावा आणि तो प्लॅटफॉर्मवरच्या मूळ आकड्यांशी स्वतः ताडून पाहावा. त्यांच्या सध्याच्या दोन आणि सोडून गेलेल्या दोन क्रिएटरांशी बोलावं. सोडून गेलेला माणूस पैसे वेळेवर मिळाले म्हणत असेल, तर ती सगळ्यात मोठी शिफारस समजावी. करार मात्र वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नये.

तुमचा मुलगा, मुलगी, भाचा किंवा तुम्ही स्वतः उद्या वर्गणीवर काही सुरू करणार असाल आणि एखादी एजन्सी दारात आली, तर वर्गणीदार किती वाढवून देणार हे नंतर विचारा. आधी करारात एवढं एक वाक्य घालून मागा: ‘सर्व रक्कम प्रथम क्रिएटरच्या खात्यात जमा होईल.’ जी एजन्सी हे वाक्य विनातक्रार लिहून देईल, तिच्याशीच पुढची बोलणी करा.