मिटलेल्या डोळ्यांतली फट

महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत पावसाळ्याच्या दिवसांत मण्यार घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही आणि मग श्वास अपुरा पडतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशावरचं काम १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मण्यार आणि नागाच्या दंशावरही त्यांनी याच भागातल्या रुग्णांवरून लिहिलं आहे. प्रतिविष आणि व्हेंटिलेटर वेळेत मिळाला तर असा पेशंट वाचतो. पण त्या दिवसांत त्याच्या डोळ्यांकडे दुर्लक्ष होतं, आणि या दुर्लक्षाच्या मुळाशी काही गैरसमज आहेत.

सगळ्यांत घातक समज म्हणजे, ‘डोळे उघडत नाही, बाहुली हलत नाही, आता काही उरलं नाही.’ मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात. बाहुली मोठी होते, बॅटरीच्या उजेडालाही दाद देत नाही. तरी मेंदू जागा असू शकतो आणि तुमचा शब्द न् शब्द पेशंटच्या कानावर पडत असतो. त्याच्या खाटेशी निरवानिरवीची बोलणी कृपा करून करू नका.

‘डोळे मिटलेत, म्हणजे आराम चाललाय,’ हा दुसरा समज. जरा वाकून बघा. दोन पापण्यांमध्ये पुष्कळदा बारीक फट असते आणि तिच्यातून पांढरं दिसतं. आपण झोपतो तेव्हा पापण्या घट्ट मिटतात, बुबुळ वर सरकतं. विषाने किंवा गुंगीच्या औषधाने हे घडत नाही. पापणी लवत नाही, म्हणून डोळ्यावर पाणी फिरत नाही. बुबुळ कोरडं पडतं, त्याचा वरचा पातळ थर सोलवटतो आणि तिथे जंतू शिरले की जखम होते. जीव वाचलेल्या माणसाची नजर अशी जाऊ शकते.

‘ओला बोळा ठेवला की झालं’ हेही खरं नाही. बोळा सुकतो आणि बुबुळावर घासतो. निर्जंतुक सलाइनने, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घेऊन, नाकाकडून बाहेर पुसायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं ओलावा देणारं मलम ठरल्या वेळी घालायचं. बुबुळ उघडं राहत असेल तर पापणी हाताने मिटवून चिकटपट्टी लावतात. पॉलिथिनच्या स्वच्छ पातळ कागदाने डोळा झाकला तरी आत ओल टिकते. हा स्वस्त उपाय मलमाइतकाच गुणकारी ठरलेला आहे. मध, दूध, गुलाबपाणी, एरंडेल यांपैकी काहीही घालू नये.

कफ ओढण्याची नळी चेहऱ्यावरून नेली तर तिचे थेंब डोळ्यात पडतात आणि छातीतले जंतू थेट बुबुळावर पोहोचतात. म्हणून तेव्हा डोळे झाकायचे आणि नळी बाजूने काढायची.

आयसीयूत भेटायला सोडतात तेव्हा सिस्टरना एवढं विचारा: ‘डोळे पूर्ण मिटतात का? मलम कधी घातलं?’ बुबुळावर पांढरा डाग दिसला, तर नेत्रतज्ज्ञाला त्याच दिवशी दाखवायला सांगा.