फिरत्या घरांतील वीज : बॅटरीचे जोड आणि तारा

विजेचें नांव निघतांच सामान्य माणसाला भय वाटतें तें धक्क्याचें. घरांतील २३० व्होल्ट दाबाच्या विजेसंबंधानें तें योग्यच आहे. परंतु मोटारीमागें जोडून नेण्याचें किंवा मोटारीवरच बांधलेलें जें फिरतें घर, ज्याला कॅराव्हॅन म्हणतात, त्यांतील दिवे, पंखा, पाण्याचा पंप व शीतकपाट हीं बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. ह्या विजेचा कोरड्या हाताला धक्का जाणवत नाहीं; आणि म्हणूनच तिच्याविषयीं माणूस गाफील राहतो. तेथील खरा धोका उष्णतेचा आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. तेव्हां हा विषय आतां आपल्याकडील कुटुंबांनाहि परका राहिलेला नाहीं.

दाब कमी झाला कीं तेंच काम करण्यास प्रवाह अधिक लागतो. १२० वॅटचें उपकरण २३० व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर घेतें. १२ व्होल्टवर त्याला १० अँपिअर लागतात. १००० वॅट देणारा इन्व्हर्टर तर बॅटरींतून शंभरीच्या जवळपास अँपिअर ओढतो. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. म्हणूनच घरांतील दिव्याला पुरणारी बारीक तार येथें उपयोगी नाहीं.

तारेची निवड अदमासानें न करतां हिशेबानें करावी. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा विरोध सुमारें ०.०१७५ ओहम असतो. १० अँपिअर घेणारें उपकरण बॅटरीपासून ५ मीटर दूर आहे असें समजूं. वीज जाऊन परत यावयाची, तेव्हां वाट १० मीटरची झाली. तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतल्यास वाटेंतच ०.७ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ सहा टक्के दाब खर्च होतो. अशानें दिवे मंदावतात आणि शीतकपाट बॅटरींत वीज असूनहि बंद पडतें. तीच तार ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट ०.३ व्होल्टच्या आंत राहते. घट तीन टक्क्यांवर जाऊं देऊं नये, असा सामान्य संकेत आहे.

तार विकत घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. ती अनेक बारीक तंतूंची असावी. घरांतल्या भिंतींत घालतात ती एकसंध तार रस्त्यावरील हादऱ्यांनीं तुटते. ती निव्वळ तांब्याची असावी. तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमच्या तारेचा विरोध सुमारें दीडपट असतो. तिसरी गोष्ट मापाची. ऑस्ट्रेलियांत मोटारीच्या तारेचें माप आवरणासकट जाडीवरून सांगण्याची चाल आहे; तेथील ‘६ मिलिमीटर’ तारेंत तांबें सुमारें ४.६ चौरस मिलिमीटरच असतें. म्हणून तांब्याचा छेद किती, हेंच विचारावें.

आतां बॅटरीच्या टोंकांकडे वळूं. कांहीं बॅटऱ्यांना शिशाचे निमुळते खुंट असतात, तर कांहींना बोल्ट असतात. खुंटांपैकीं धन खुंट ऋण खुंटाहून थोडा जाड असतो, म्हणून दोहोंचे क्लँप निरनिराळे घ्यावे. जपानी पद्धतीचे खुंट आणखी बारीक असतात. सैल क्लँपमध्यें पत्र्याची चकती कोंबूं नये, व घट्ट क्लँप हातोड्यानें ठोकून बसवूं नये. शिसें मऊ असतें आणि ठोक्यानें बॅटरीच्या आंतील सांधा निखळतो. बोल्टाच्या टोंकाला थिंबल लावावयाची ती बोल्टाच्या मापाच्याच भोंकाची असावी. एका क्लँपवर पांचसहा तारा रचण्यापेक्षां एक जाड तार तांब्याच्या पट्टीवर न्यावी आणि तेथून फांटे काढावे.

थिंबल तारेवर योग्य हत्यारानें दाबून बसवावी. पकडीनें चेपलेली थिंबल वरून घट्ट दिसते, पण आंत पोकळ राहते. डाख देऊनहि जोड होतो. परंतु डाख तंतूंमध्यें चढून तार ताठ करतो, आणि हादऱ्यांनीं ती नेमकी तेथेंच तुटते.

इतकी काटेकोर दक्षता कशासाठीं, असें कोणी विचारील. एखाद्या सैल जोडाचा विरोध ०.००५ ओहम आहे व त्यांतून १०० अँपिअर वाहत आहेत असें समजा. त्या बोटभर जागेंत ५० वॅट उष्णता निर्माण होते. डाख देण्याच्या विजेच्या हत्याराएवढी ती झाली! आणि हें फ्यूजला कळत नाहीं. कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. फ्यूज तारेचें रक्षण करतो, आणि तो बॅटरीच्या धन टोंकाच्या शक्य तितक्या जवळ बसवावा. कारण त्याच्या अलीकडील तारेला कसलेंच संरक्षण नसतें. त्याचें माप उपकरणाच्या प्रवाहाहून अधिक व तारेला सोसणाऱ्या प्रवाहाहून कमी असावें. वरील उदाहरणांतील ६ चौरस मिलिमीटरच्या तारेला १५ अँपिअरचा फ्यूज योग्य होय. सैल जोडावर मात्र हाताच्या कसबाखेरीज दुसरा पहारेकरी नाहीं. आणि जवळच बिछान्यांवर मुलेंबाळें निजलेलीं असतात.

काम करतांना ऋण टोंक आधीं सोडावें व शेवटीं जोडावें. बहुतेक वाहनांत तें लोखंडी सांगाड्याला जोडलेलें असतें. क्रम चुकल्यास धन टोंकावरील पाना सांगाड्याला टेकून ठिणग्या उडतात. शिसें व आम्ल यांच्या बॅटरींतून भरणीच्या वेळीं हायड्रोजन वायु निघतो. त्याला बाहेर जाण्यास वाट ठेवावी आणि जवळ दिवाकाडी ओढूं नये.

टोंकांवर पांढरट-हिरवी बुरशी दिसल्यास तारा सोडून ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसावी, पण तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. मग जोड कोरडे करून आवळावे व वरून व्हॅसलीन लावावें. प्रवासास निघण्यापूर्वीं प्रत्येक जोड हातानें हलवून पाहावा. जो हलला, तो आवळल्याखेरीज गाडी हलवूं नये.