लघुरेल्वेची आखणी आणि संगणक

छोट्या प्रमाणात तयार केलेली रेल्वे टेबलावर धावू लागली म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष इंजिनाकडे व डब्यांकडे जाते. परंतु ती गाडी रुळांवरून न घसरता धावते, याचे श्रेय पुष्कळ अंशी तिच्याखालील मार्गाच्या आखणीला असते. नवी दिल्लीत चाणक्यपुरी येथे १९७७ साली उघडलेले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, किंवा पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या परिश्रमातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय पाहिल्यावर, अशी रेल्वे आपल्या घरी वा शाळेत असावी असे अनेकांना वाटते. पण दिल्लीसारख्या महानगरातील सदनिकेत जागा बेताची असते आणि रुळांचे तुकडेही स्वस्त नसतात. फळी कापून रूळ ठोकल्यानंतर मार्गाची दोन टोके जुळत नाहीत असे आढळले, तर श्रम व पैसा दोन्ही वाया जातात. म्हणून आखणी प्रथम संगणकावर करण्याची पद्धत रूढ झाली आहे.

आज्ञावलीचे कार्य

या कामासाठी खास संगणकीय आज्ञावली मिळतात. ‘एक्सट्रॅककॅड’ ही विनामूल्य आहे. ‘एनीरेल’ व ‘स्कार्म’ या ठरावीक संख्येच्या तुकड्यांपर्यंत विनामूल्य वापरता येतात. निरनिराळ्या कारखान्यांतील तयार रुळांची लांबी, त्रिज्या व कोन यांची नोंद अशा आज्ञावलीत असते. यादीतून एकेक तुकडा निवडून तो आधीच्या तुकड्याला जोडायचा, एवढेच प्रारंभी करावयाचे असते. कागदावर पेन्सिलीची रेषा किंचित वाकवून दोन टोके जुळवता येतात. तयार रूळ तसा वाकत नाही. संगणक दोन्ही टोकांची जागा व दिशा मोजतो आणि पाच मिलिमीटरांचे अंतर राहिले तरी ते दाखवतो. तेवढे अंतर हाताने ओढून बुजवले, तर तेथे मार्गाला कोपरा पडतो आणि चाक नेमके तेथेच घसरते.

प्रमाण व रुळांतील अंतर

पहिला निर्णय प्रमाणाचा. ‘एचओ’ या प्रचलित प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळच्या १/८७ असते आणि दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असते. या अंतराची ८७ पट केली असता १,४३५ मिलिमीटर येतात. हे परदेशांत अनेक ठिकाणी आढळणारे स्टँडर्डगेज होय. भारतीय ब्रॉडगेज मात्र १,६७६ मिलिमीटरांचे आहे. त्याचे १/८७ केल्यास सुमारे १९.३ मिलिमीटर होतात. दिल्ली मेट्रोत हा भेद प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. तिच्या लाल, पिवळ्या व निळ्या मार्गिका ब्रॉडगेजच्या आहेत, तर हिरवी मार्गिका स्टँडर्डगेजची आहे. बाजारात मिळणाऱ्या १६.५ मिलिमीटरांच्या रुळांवर हिरवी मार्गिका प्रमाणशीर उतरेल; पिवळी मार्गिका उतरवताना रुळांतील अंतर थोडे कमी पडेल.

फळी, वळण आणि गाडीची लांबी

यानंतर पडद्यावर फळीची मापे द्यावीत. आठ बाय चार फुटी प्लायवूड घेतल्यास ती सुमारे २४४ बाय १२२ सेंटिमीटर भरते. कडेला पाच सेंटिमीटर सोडले, तर वळणाची त्रिज्या अधिकात अधिक ५६ सेंटिमीटर ठेवता येते. भारतीय ब्रॉडगेजवर अगदी तीव्र वळणाचीही त्रिज्या १७५ मीटर असते; १/८७ प्रमाणात ती दोन मीटर होईल. अर्थात लघुरेल्वेत वळणे खऱ्याहून पुष्कळच आखडून घ्यावी लागतात.

वळणाचे गणित सोपे आहे. प्रत्येक तुकडा ३० अंशांचा असेल, तर बारा तुकड्यांनी ३६० अंश पूर्ण होतात. सांध्यातून फुटणारा मार्ग १५ अंशांनी वळत असेल, तर तो मुख्य मार्गाला समांतर आणण्यासाठी १५ अंशांचे उलट वळण द्यावे लागते.

गाडीची लांबीही आधीच ठरवावी. साडेतेवीस मीटर लांबीचा प्रवासी डबा या प्रमाणात २७ सेंटिमीटर होतो. असे दहा डबे जोडले, तर ते फळीपेक्षाही लांब भरतील! चार डबे व एक इंजिन यांना सुमारे १३० सेंटिमीटर लागतात. तेवढी लांबी सामावणारा फलाट व बाजूचा मार्ग आराखड्यात प्रथम बसवावा, मग इतर गोष्टी.

चढ

एक मार्ग दुसऱ्यावरून न्यावयाचा असेल, तर तो सुमारे आठ सेंटिमीटर उचलावा लागतो. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचा चढ ३७ मध्ये १ असा आहे. तोच चढ घेतल्यास आठ सेंटिमीटर उंची गाठण्यास सुमारे तीन मीटर मार्ग लागेल, आणि उतरण्यास पुन्हा तितकाच. लहान फळीवर पूल का अवघड जातो, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

मनुष्याने पाहावयाच्या गोष्टी

संगणकावर टोके जुळली म्हणजे आराखडा निर्दोष झाला, असे मात्र नाही. दोन्ही रुळांतून वीज नेणाऱ्या पद्धतीत मार्ग वळसा घेऊन स्वतःलाच उलट दिशेने मिळाला, तर डावा रूळ उजव्या रुळाला जोडला जातो व शॉर्टसर्किट होते. असा वळसा दोन्ही टोकांशी विद्युत्-दृष्ट्या वेगळा करून त्याला स्वतंत्र वीज द्यावी लागते. तसेच सांधे हाताच्या टप्प्यात हवेत. चार फुटी फळी भिंतीला लावून ठेवली, तर पलीकडे घसरलेला डबा उचलणे कठीण होते.

शेवटी आराखडा पूर्ण आकारात छापून, कागद जोडून फळीवर पसरावा व त्यावर डबे ठेवून पाहावेत. येथे सापडलेली चूक रबराने खोडता येते. रूळ ठोकल्यावर सापडलेली चूक खिळे उपटल्याविना सुधारत नाही. खऱ्या लोहमार्गाचा अभियंता भूमीवर कुदळ पडण्यापूर्वी मोजणी का करतो, हे शाळेतील विद्यार्थ्याला या छोट्या फळीवर स्वतःच्या हातांनी शिकता येते.