‘ठीक’ म्हणजे नक्की काय?

नाटकावर सडकून टीका झाली तर काय करायचं, हे प्रत्येक नटीला ठाऊक असतं. दोन दिवस चिडायचं, ‘त्यांना नाटकातलं काय कळतं?’ म्हणायचं आणि पुन्हा तालमीला लागायचं. पण परीक्षण धड चांगलं नाही नि धड वाईटही नाही, असं आलं तर?

आमच्या हौशी संस्थेनं गेल्या वर्षी विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवलं. मी लीला बेणारे! १९६७ साली हे नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा सुलभा देशपांडे यांनी गाजवलेली भूमिका. शाळेत शिकवणारी, हसरी, बडबडी बेणारेबाई. आणि खोटा खोटा खटला खेळता खेळता तिचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणणारी तिच्याच ओळखीची माणसं. दोन महिने रोज रात्री तालीम. स्वयंपाक उरकून, मुलीचा अभ्यास घेऊन पळायचं. प्रयोग झाला आणि चौथ्या दिवशी छापून आलं, ‘बेणारेची भूमिका ठीक. इतरांची यथायोग्य साथ.’

बस्स! दोन महिन्यांचं एक ‘ठीक’. खरं सांगते, दोन शिव्या परवडल्या असत्या. शेजारणी मात्र अभिनंदन करत होत्या. पेपरात आलं होतं ना! यजमान म्हणाले, ‘वाईट तर नाही लिहिलं? मग झालं तर.’ पण मनात आलं, सगळं ठीकच असेल तर एवढी ओढाताण कशासाठी? पुढच्या प्रयोगाला नाही म्हणून सांगावं का?

१९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा बाईचं काम बाईनं करणं हीच मोठी गोष्ट होती. आज आपण रंगमंचावर दिसतो, एवढ्यावरच समाधान मानायचं का? बाईनं हौस केली, ठीक केली, संपलं?

वाट दाखवली ती सासूबाईंनी. म्हणाल्या, ‘माझ्या आमटीला कुणी ‘ठीक’ म्हटलं, तर मी विचारते, मीठ कमी की चिंच जास्त? तूही विचार की!’

समीक्षक परगावचे. म्हणून मी आमच्या रंगभूषाकार काकांना गाठलं. कितीतरी वर्षं विंगेतून नाटकं बघणारा माणूस. ते म्हणाले, ‘शेवटच्या स्वगतात बाकीची पात्रं गोठलेली असतात. सगळे डोळे तुझ्यावर. तिथं तू पहिल्याच वाक्याला रडतेस. मग प्रेक्षकांना रडायला काय उरलं? थोडं राखून ठेव.’

लगेच पटलं असं नाही, पण करून बघण्यासारखं होतं. पुढच्या प्रयोगात रडू घशातच धरून ठेवलं. बेणारे आधी हसते, चिडते, मग मोडते. त्या रात्री समीक्षक नव्हते. पण ते स्वगत संपेपर्यंत प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातली एखादी सून, एखादी मास्तरीण नाटकात काम करत असेल, तर प्रयोगानंतर नुसतं ‘छान झालं हं’ म्हणून चपला शोधू नका. कुठं डोळ्यांत पाणी आलं, कुठं कंटाळा आला, कुठलं वाक्य ऐकूच आलं नाही, ते सांगा. घटकाभर तिला वाईट वाटेलही. पण दुसऱ्या दिवशी तालमीला जाताना तिच्याजवळ काहीतरी असेल.